जुन्या डोझरची चेन ताणून ठेवू नका, तिच्यावर जळकं ऑइलही ओतू नका

उन्हाळ्यात तलावांतला गाळ काढायची आणि बांधबंदिस्तीची कामं निघाली की मराठवाड्यातल्या ऑपरेटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "जुन्या डोझरची चेन कायम टाइट ठेवा, रोज जळकं ऑइल टाका, झिजली की सरळ नवी चेन घाला." तिन्ही सल्ले मशीनच्या मुळावर येणारे आहेत. चेन म्हणजे डोझर ज्यावर चालतो तो कड्यांचा लोखंडी पट्टा.

फार ढिली चेन वळताना उतरते, एवढं खरं. पण ताणलेली चेन पिन-बुश (कड्या जोडणारे खिळे आणि त्यांवरच्या नळ्या), स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि आयडलर (पुढचं बिनदातांचं चाक) या सगळ्यांना एकदम खाते, आणि इंजिनाची ताकद चेन ओढण्यातच जाते. त्यात आपली काळी माती. पाऊस झाला की ती स्प्रॉकेटच्या दातांत कोंबली जाते, बुश दाताच्या तळाला टेकतच नाही, आणि सकाळी बरोबर असलेली चेन दुपारपर्यंत तारेसारखी ताठ होते. म्हणून झोळ, म्हणजे चेन मधे किती लोंबते ते, कामाच्या जागीच, त्याच चिखलात मोजायचा. मशीन थोडं पुढे घ्या, ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या. पुढचा आयडलर ते वरचा रोलर (चेनला आधार देणारं छोटं चाक) अशी चेनवर दोरी ताणून धरा आणि मधला खोलगा पट्टीने मोजा. मध्यम आकाराच्या जुन्या डोझरला तो साधारण ४० ते ५० मिमी लागतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

संध्याकाळी सब्बल-फावड्याने माती काढल्याशिवाय मशीन उभं करू नका. माती वाळली की रोलर जाम होतात, चेन त्यांच्यावरून नुसती घासत जाते आणि रोलर एका अंगाने चपटा होतो. असा रोलर पुन्हा नीट फिरत नाही.

आता जळक्या ऑइलचं. जुन्या सुक्या चेनमध्ये पिन आणि बुश कड्यांत दाबून घट्ट बसवलेले असतात. वरून ओतलेलं तेल आत जातच नाही. ते बाहेर राहून मुरमाची धूळ धरतं आणि बुश व दात यांच्यात पॉलिश पेपरचं काम करतं. आत तेल भरलेली सीलबंद चेन १९७० च्या दशकात आली, पण तिलाही वरून तेल घालायचं नसतं.

नवी चेन घ्यायच्या आधी पिन-बुश फिरवून घ्या. ते एकाच बाजूने झिजतात. प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून बसवले की कोरी बाजू कामाला लागते. मात्र बुश तडकायच्या आत हे व्हायला हवं. आणि नवी चेन घ्यावीच लागली तर स्प्रॉकेट बघा. दात टोकदार झालेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन म्हणजे पैसे मातीत.

चेन ढिली करताना जिवाला जपा. चेन ग्रीस भरून ताणलेली असेल तर त्या ग्रीसचा वॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त सोडू नका आणि त्याच्या समोर तोंड धरू नका. आयडलरमागची स्प्रिंग तर गावातल्या गॅरेजात उघडूच नका, ती कित्येक टनांच्या दाबाखाली असते.