झाडं लावली म्हणून लगेच मासे सोडू नका
‘टाकीत खरी झाडं लावली की त्याच दिवशी मासे सोडता येतात,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे, आणि त्यापायी मासे हकनाक मरतात. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, आणि तो त्यांना विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. झाडं अमोनिया शोषतात हे खरं. पण नुकती लावलेली क्रिप्टोकोरिन ही पाणवनस्पती बघा, पानं पारदर्शक होऊन गळतात, सडतात आणि अमोनिया उलट वाढवतात. जीवाणू वसेपर्यंत मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा, ते सडून जीवाणूंना लागणारा अमोनिया मिळतो. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट चढून पुन्हा शून्यावर आले, की मासे सोडा, तेही थोडे थोडे.