एक्सलचा ट्रॉलीच्या एक्सलशी काही संबंध नाही

आमच्या सांगलीत बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. तरी पोरीच्या चाकांच्या स्केटिंगच्या पालक ग्रुपवर फॉरवर्ड आलाच : बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या उड्यांची नावं गिरक्यांवरून पडतात. एक म्हणजे टो लूप, दोन साल्कॉव, तीन लुट्झ, चार एक्सल. टो लूपला चवड्यावर उतरतात आणि एक्सलला माणूस गाडीच्या एक्सलसारखा फिरतो. खाली अंगठ्यांची रांग.

गिरक्यांचं आधी. कुठलीही उडी सिंगल, डबल, ट्रिपल होते. आकडा नावाच्या आधी लागतो. नाव सांगतं ते उडी घेतली कशी. कुस्तीत टांग आणि धोबीपछाड वेगळे, ते गडी किती जोरात आपटला यावरून नव्हे.

लुट्झच बघा. स्केटच्या पात्याला तळाशी पन्हळ असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात. डावीकडे गिरकी घेणारा खेळाडू डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर लांब वळणाने पाठमोरा जातो आणि उजव्या पायाचे पुढचे दाते बर्फात रोवून उडतो. वळण एका अंगाला, गिरकी दुसऱ्या. म्हणून ऐनवेळी घोटा आत कलतो, धार बदलते आणि लुट्झची फ्लिप ही दुसरीच उडी होते, कारण फ्लिपला बाकी सगळं तेच, धार फक्त आतली. परीक्षक तिथं गुण कापतात. आमच्या पोरींच्या स्केटला दात्यांच्या जागी रबरी स्टॉपर असतो, पण घोट्याची खोड तीच.

‘टो’ हा उडतानाचा, उतरतानाचा नाही. टो लूप, फ्लिप, लुट्झला दाते रोवतात. साल्कॉव, लूप, एक्सलला नाही. उतरायचं मात्र सहाही उड्यांत पाठमोरं, बाहेरच्या धारेवर.

आणि एक्सल? नॉर्वेच्या आक्सेल पॉल्सनने ती 1882 साली व्हिएन्नात मारली. त्याचं नावच ते. उसाच्या ट्रॉलीचा तुटतो तो वेगळा. साल्कॉव स्वीडनचा, लुट्झ ऑस्ट्रियाचा, दोघंही माणसंच.

हे ग्रुपवर टाकलं तर एका काकांचा प्रश्न आला, “मग चार गिरक्यांना म्हणायचं काय?”

क्वाड. फक्त एक्सल समोर तोंड करून घेतात आणि उतरतात पाठमोरं, त्यामुळे अर्धी गिरकी जास्तीची. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने 2022 मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा क्वाड एक्सल नीट उतरवली, तेव्हा त्या साडेचार होत्या, काका.