इंग्रजी न बोलता स्पोकन इंग्लिश

स्पोकन इंग्लिशच्या तीन बॅच करूनही ज्याचं इंग्रजी जसंच्या तसं शाबूत राहिलंय, असा अनुभवी माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. तेव्हा माझं ऐका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, १८८० साली टिळकांना बरोबर घेऊन पुण्यात शाळा काढली आणि तिचं नावही ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ठेवलं. पण वाघिणीची धार काढायची कशी, हे काही ते सांगून गेले नाहीत. ते काम आता क्लासवाले करतात. व्याकरण नको, पाठांतर नको, सगळं खेळता खेळता.

क्लास पेठेतल्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असतो आणि खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. गोलाला मागचा बाक नसतो, हा पहिला धोका. सर कुठल्या बाजूने सुरुवात करतात ते पहिल्याच दिवशी हेरून ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून शेवटून दुसरी खुर्ची धरा. शेवटची धरू नका. शेवटच्याला ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हणत मुद्दाम उभं करतात. शेवटून दुसऱ्यावर पाळी येईपर्यंत तास संपलेला असतो.

पहिला खेळ चेंडूचा. चेंडू ज्याच्याकडे येईल त्याने नाव आणि छंद सांगायचा. सुरुवात ‘मायसेल्फ’ने करावी. सर म्हणतात, ‘मायसेल्फ म्हणायचं नाही.’ सगळे माना डोलावतात, चेंडू पुढे जातो आणि पुढचा म्हणतो, ‘मायसेल्फ...’ छंद फक्त तीन आहेत: रीडिंग, ट्रॅव्हलिंग आणि लिसनिंग म्युझिक. आमच्या पहिल्या बॅचमध्ये एकाने खरं काय ते सांगून टाकलं, ‘स्लीपिंग’. सगळे खो खो हसले. तेव्हापासून तोही वाचनच करतो.

दुसरा खेळ भेंड्यांचा, पण गाण्यांच्या नव्हे, शब्दांच्या. एलिफंट, टायगर, रॅट, टेबल, एग. इंग्रजीत ‘ई’वर संपणारे शब्द भाराभर, त्यामुळे दर दोन मिनिटांनी कुणीतरी पुन्हा हत्तीपाशी येतं आणि ‘झालाय, झालाय!’ असा मराठीत आरडाओरडा होतो. या खेळाचा मोठा गुण असा, की तासभर खेळूनही एक वाक्य बोलावं लागत नाही.

त्याहून बिनधोक म्हणजे डम्ब शराड्स. बोलायला शिकण्याच्या वर्गात, ज्याच्यावर राज्य त्याने तोंड उघडायचंच नाही, असा हा खेळ. आणि सिनेमेही मराठीच देतात. सर्वांत लोकप्रिय खेळ हाच आहे, यात नवल ते काय! अभिनयाची पाळी आपण होऊन मागून घ्यावी. सरांच्या वहीत ‘पार्टिसिपेशन गुड’ असा शेरा पडतो.

आता दंडाचा डबा. मराठी शब्द निघाला की दहा रुपये. ही कल्पना आपल्या सरांची नव्हे, चांगली जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या कित्येक शाळांत ‘वेल्श नॉट’ नावाची लाकडाची पट्टी असे. जो पोरगा वेल्श, म्हणजे तिथली मायबोली, बोलताना सापडे त्याच्या गळ्यात ती पडायची. त्याने दुसऱ्याला बोलताना पकडलं की त्या दुसऱ्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात, त्याला छडी. म्हणजे राज्य द्यायचाच खेळ, फक्त राज्य कुणाचं ते ठरलेलं! आपल्याकडे छडी नाही. डबा भरला की त्याच पैशांचे वडापाव येतात आणि सगळे पोटभर मराठी बोलतात. दहाची नोट सुरुवातीलाच टाकून मोकळं व्हावं, हा माझा सल्ला. चोरटेपणा उरत नाही.

‘जॅम’ म्हणजे ‘जस्ट अ मिनिट’. बीबीसी रेडिओवर १९६७ साली सुरू झालेला खेळ: दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं, अडखळायचं नाही, पुनरुक्ती नाही, विषयांतर नाही. जन्माने इंग्रज असलेल्यांनाही जे जमता जमत नाही, ते आपण तिसऱ्या दिवशी करतो. ‘नाऊ अ डेज सोशल मीडिया’ हा परिच्छेद घोकून ठेवा. विषय ‘पाऊस’ निघाला तरी चालतो, कारण ऐकत कुणीच नसतं. प्रत्येक जण आपापला परिच्छेद मनात घोळवत असतो. ग्रुप डिस्कशनबद्दल काय सांगू? मंडईत गेला असाल ना?

एक खेळ मात्र चुकूनही खेळू नका. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. चित्रवाल्याने सांगायचं, कागदवाल्याने काढायचं. यात पळवाट नाही. समोरच्याला खरोखरच माहीत नसतं, त्यामुळे खरोखरच बोलावं लागतं.

आमच्या तिसऱ्या बॅचला साठीच्या एक काकू होत्या. नातू न्यू जर्सीत, त्याला मराठी समजतं पण बोलता येत नाही, म्हणून आलेल्या. त्यांच्या वाट्याला गणपतीचं चित्र आलं आणि पाठीला मी. पेन्सिल धरून बसलो. मागून आवाज आला, ‘मॅन. नो नो, गॉड. स्टमक बिग. व्हेरी बिग. हँड फोर.’ मी काढत गेलो. ‘इअर लाइक... सूप.’ इथे दहा रुपये गेले, पण कान एकदम सुपाएवढे उतरले. ‘वन टूथ ब्रेक. डाउन माऊस, ही इज सिटिंग, ईटिंग लाडू.’ आणखी दहा. चार मिनिटांत माझ्या कागदावर गणपती, खाली उंदीर, त्याच्या हातात लाडू. पूर्ण कोर्समध्ये इंग्रजीतून कुणाचं काही मला पोहोचलं असेल, तर ते एवढंच.

सर म्हणाले, ‘टूथ नाही, टस्क. ब्रेक नाही, ब्रोकन.’ सरांचं बरोबरच होतं. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. (गोलाला मागची रांग नसते हे खरं, पण हसणारा नेहमी मागेच असतो.) काकू बसल्या. त्या दिवशी पुन्हा बोलल्या नाहीत, आणि सोमवारपासून आल्या नाहीत.

मागच्या महिन्यात भाजी घेताना भेटल्या. म्हटलं, ‘काकू, क्लास सोडलात?’ म्हणाल्या, ‘अरे, तोच खेळ आता नातवाबरोबर खेळते, व्हिडिओवर. मी सांगते, तो काढतो. मग तो सांगतो, मी काढते.’

‘इंग्रजीत?’

‘मी इंग्रजीत, तो मराठीत. तो माझ्या इंग्रजीला हसतो.’

‘मग?’

‘मग मी त्याच्या मराठीला हसते. फिट्टंफाट!’ असं म्हणून त्यांनी मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहिली आणि भाजीवाल्याकडे परत टाकली.

असल्या लोकांच्या नादी लागू नका. सर्टिफिकेट हातातून जातं. माझी चौथी बॅच सोमवारी सुरू होतेय, शेवटून दुसरी खुर्ची मी सांगून ठेवलीय. तुम्ही शेवटून तिसरी बघा. चेंडू या वेळी ज्याचा त्याने आणायचा आहे.