फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

‘घटस्फोट झाला की अर्धी प्रॉपर्टी बायकोची’ हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरून गेलेलं आहे. बायका त्या भरवशावर राहतात आणि नवरे त्या धास्तीत. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याखाली असं काहीही नाही. कोर्ट नवऱ्याची मिळकत, बायकोचं उत्पन्न, मुलं बघून पोटगी ठरवतं, एकरकमीही देववतं. पण नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचा फ्लॅट मधोमध चिरून देत नाही. स्त्रीधन मात्र तिचंच. माहेरचं असो की सासरचं, तिला दिलेले दागिने तिचे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोघं कमावतात त्या घरात हिशेब कसा असतो बघा. होमलोनचा हप्ता त्याच्या खात्यातून. किराणा, गॅस, शाळेची फी, व्हॅनवाले काका, सासूबाईंच्या गोळ्या तिच्या पगारातून. वर्षानुवर्षं. वेगळं व्हायची वेळ आली की इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) एकच नाव, आणि तिच्याकडे खर्च झालेल्या पगाराचं बँक स्टेटमेंट. डाळ-तांदळाच्या बिलांवर मालकी सांगता येत नाही. तिच्या पगारावर घर चाललं म्हणून त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहिला, एवढी साधी गोष्ट. पण ती सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर.

बांद्याच्या पलीकडे, पत्रादेवीचा नाका ओलांडला की मामला वेगळा. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आजही चालू आहे. तिथल्या कायद्याखाली लग्न नोंदवलेल्या गोवेकर जोडप्याने आधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक, निम्मी-निम्मी. घर विकायचं तर बायकोचीही सही लागते. (नुसता नाका ओलांडून हा कायदा लागू होत नाही, सावंतवाडीकरांनी उगाच खूश होऊ नये.)

आता कोर्टाचं. लग्नाला वर्ष होईपर्यंत, अगदी अपवाद सोडला तर, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. म्युच्युअलसाठी, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटासाठी, वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिन्यांची मुदत. ही मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. बायको आता जिथे राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो, त्यामुळे माहेरी आलेल्या मुलीला दर तारखेला सासरच्या गावी पळायची गरज नाही.

खर्च कोर्ट फीचा नसतोच, वकिलाचा असतो. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 चा कायदा आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. पोटगीचा वाद असेल तर 2020 पासून दोघांनाही मिळकत आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे ‘माझा पगार काय, जेमतेम’ एवढ्यावर भागत नाही.

आणि कन्सेंट टर्म्सवर (कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या अटींवर) सही करण्याआधी कर्जाचे कागद काढा. फ्लॅट एकाला गेला तरी कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर बँक दोघांनाही धरते. तुमच्या आपसातल्या समझोत्याशी तिला देणंघेणं नाही. कर्जावरचं नाव कोण, कधीपर्यंत काढून देणार हे तारखेनिशी टर्म्समध्ये लिहून घ्या, आणि बँकेची लेखी संमती हातात आल्याशिवाय शेवटची सही करू नका.