कारखान्याची माहिती आयकर खात्याकडे जात नाही

'वार्षिक उद्योग पाहणीचं पत्र आलं तर उत्तर देऊ नका, आकडे थेट आयकर आणि जीएसटीवाल्यांकडे जातात', असा मजकूर लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि उद्योजकांना अडचणीत टाकणारा आहे.

ही पाहणी केंद्राचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं, २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार. मिळालेली माहिती फक्त सांख्यिकीसाठीच वापरायची, असं तोच कायदा बजावतो. प्रसिद्ध होतात ते एकत्रित आकडे. तुमच्या कारखान्याचं नाव त्यात नसतं. मात्र पत्र आलं असेल तर माहिती देणं बंधनकारक आहे.

'प्रत्येक वर्कशॉपची मोजणी होते' हेही खरं नाही. पाहणीचा मुख्य भर नोंदणीकृत कारखान्यांवर आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात त्यासाठीची अट होती: वीज वापरत असाल तर किमान १० कामगार, नसाल तर २०. त्यातले मोठे कारखाने सगळे घेतात, बाकीचे नमुना पद्धतीनं निवडतात. त्यामुळे शेजाऱ्याला पत्र आलं आणि तुम्हाला नाही, यात काहीच काळंबेरं नाही.

विचारतात काय? यंत्रसामग्री, कच्चा माल, इंधन, उत्पादन, कामगारांच्या कामाचे दिवस आणि वेतन. ताळेबंद आणि हजेरीपट हाताशी ठेवा, बरंचसं काम तिथेच होतं.