‘दुःख ऐच्छिक आहे’ असे बुद्ध म्हणाले नव्हते

गेली काही वर्षे एक चित्र मोबाईलवरून फिरते आहे. डोळे मिटलेली सोनेरी बुद्धमूर्ती, मागे कमळे, आणि त्यावर अक्षरे: ‘वेदना अटळ आहे, दुःख मात्र ऐच्छिक आहे. – गौतम बुद्ध’. खाली बहुधा चार ओळींचे विवेचनही असते. अपेक्षा हेच दुःखाचे मूळ, म्हणून अपेक्षा सोडा. कोणातही जीव गुंतवू नका. जे वाट्याला येते ते पूर्वकर्माचे फळ असते. आणि ज्याला हे उमगले तो रडत नाही.

हे सगळे मी पहिल्यांदा मोठ्याने वाचले जाताना ऐकले ते मावशीच्या घरी. काकांना जाऊन अकरा दिवस झाले होते. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी, अगदी चांगल्या हेतूने, खिशातून मोबाईल काढून ते वाचून दाखवले. मावशी ‘खरं आहे’ एवढेच म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून काकांच्या गोळ्यांची सात खणांची डबी रिकामी करत होती. गुरुवारपासून पुढचे खण तसेच भरलेले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘मला नाही रे जमत, ते ऐच्छिक का काय ते.’

जे तिला जमत नव्हते ते बुद्धांनी कोणाकडून मागितल्याचे त्रिपिटकात, म्हणजे पालीतल्या बौद्ध ग्रंथसंग्रहात, दिसत नाही. मी पालीचा पंडित नाही, भाषांतर शेजारी ठेवून सुत्ते, म्हणजे बुद्धांची प्रवचने, वाचणारा एक साधा वाचक आहे. पण या चित्रातल्या एकेका विधानाची तपासणी करायला तेवढे पुरते.

मुख्य वाक्यापासून सुरुवात करू. हे वाक्य त्रिपिटकात नाही, आणि पालीत ते नीट बसणारही नाही. मराठीत वेदना म्हणजे कळ, ठणका. पालीत ‘वेदना’ म्हणजे कोणताही अनुभव जाणवणे, आणि तिचे सुखद, दुःखद व दोन्ही नसलेली असे तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे दुःख हा वेदनेचाच एक प्रकार ठरतो, तिच्यापुढे ठेवलेला पर्याय नव्हे. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात तर जन्म, जरा, व्याधी, मरण, अप्रियाचा सहवास, प्रियाचा वियोग आणि हवे ते न मिळणे या सगळ्यांनाच दुःख म्हटले आहे. यांतले ऐच्छिक काय आहे?

या वाक्याच्या बाजूने काहीच नाही असे मात्र नाही, आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात दोन बाणांचे एक सुत्त आहे. धर्म न ऐकलेल्या माणसाला शरीराची पीडा झाली की तो शोक करतो, ऊर बडवतो, आणि मग त्याला एकाऐवजी दोन पीडा भोगाव्या लागतात, एक शरीराची आणि एक मनाची. जणू एक बाण लागलेल्याला लगेच दुसरा लागावा. शिकलेल्या श्रावकाला, म्हणजे बुद्धांच्या शिष्याला, मात्र एकच बाण लागतो. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा उगम कुठे शोधायचा असेल तर तो इथे सापडेल. परंतु अलीकडे सांगितले जाते तसे ‘दुसरा बाण आपण स्वतःच मारून घेतो’ हे त्या सुत्तात नाही. तिथे माणसाला बाण लागतो, तो धनुष्य हातात घेत नाही. दुसरा बाण चुकतो तो दीर्घ अभ्यासाने, अकराव्या दिवशी कोणी आठवण करून दिली म्हणून नव्हे. शिवाय न शिकलेल्या माणसाबद्दल त्या सुत्तात दोषारोपाचा सूर नाही: दुःखातून सुटायला सुखोपभोगाखेरीज दुसरी वाट त्याला ठाऊकच नसते, इतकेच तिथे म्हटले आहे. वैद्य रोगाचे लक्षण सांगतो त्या सुरातले ते वर्णन आहे. आपण त्याची तंबी करून टाकली.

‘अपेक्षा हेच दुःखाचे मूळ.’ बुद्धांनी दुःखाचे कारण म्हणून जो शब्द वापरला तो तृष्णा, पालीत ‘तण्हा’. तिचे तीन प्रकार आहेत: उपभोगाची तहान, असण्याची तहान, आणि नसण्याची तहान. हा तिसरा प्रकार या चित्रात कधीच येत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. हे सगळे नाहीसे व्हावे, मला काही जाणवूच नये, ही ओढसुद्धा तृष्णाच आहे. म्हणजे दुःखापासून सुटका म्हणून बधिरपणा मागणारा माणूस, ज्या विहिरीतून बाहेर पडायचे तिच्यातच खोल उतरतो.

त्याच पहिल्या प्रवचनात दुःख, त्याचे कारण तृष्णा, त्याचा निरोध म्हणजे थांबणे, आणि त्या निरोधाचा मार्ग या चार आर्यसत्यांची चार कामे वेगवेगळी सांगितली आहेत, आणि संपूर्ण विषय या भेदावर उभा आहे. तृष्णा ‘पहातब्ब’ आहे, म्हणजे सोडायची. दुःख मात्र ‘परिञ्ञेय्य’ आहे, म्हणजे पूर्णपणे जाणून घ्यायचे. निरोधाचा साक्षात्कार करायचा आणि मार्गाचा अभ्यास करायचा. दुःख सोडा, झटका, निवडू नका, असे तिथे म्हटलेले नाही; त्याच्याकडे तोंड करून बसा आणि ते ओळखा, असे म्हटले आहे. इगतपुरीला विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिरात तासभर न हलता बसायची वेळ येते तेव्हा हा भेद गुडघ्यातून समजतो. मी कळ नाहीशी करण्याच्या खटपटीत होतो तोवर ती दगडासारखी एकसंध होती. निव्वळ बघू लागल्यावर ती सरकत, धडधडत, मध्येच विरत असल्याचे दिसले. ती थांबली नाही, आणि ती ऐच्छिक आहे असे तर मला एक क्षणही वाटले नाही.

अपेक्षा म्हणजे तृष्णा हे समीकरणही चुकीचे आहे. पालीत ‘छन्द’ हा आणखी एक शब्द आहे. चांगले काम करण्याची इच्छा या अर्थी तो साधनेच्या आधारांत मोजला जातो. आजाऱ्याने औषधाची, मजुराने मजुरीची अपेक्षा धरावी यात सोडण्यासारखे काही नाही. ‘अपेक्षा सोडा’ हे वाक्य नेहमी वरून खालीच का बोलले जाते, हेही एकदा पाहावे. डॉ. आंबेडकरांना ही अडचण नेमकी जाणवली होती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी विचारले आहे की चार आर्यसत्ये मूळची आहेत का, कारण जगणे, मरणे आणि पुन्हा जन्मणे सगळेच दुःख असेल तर माणसाला आशाच उरत नाही. त्यांचे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. परंतु दुःख ओळखणे आणि ते दूर करणे या दोन्ही गोष्टी धम्माच्या गाभ्यात आहेत, त्यांतली दुसरी गाळता येणार नाही, हा त्यांचा आग्रह या चित्रापेक्षा बुद्धवचनाच्या कितीतरी जवळ आहे.

‘कोणातही जीव गुंतवू नका’ या विधानाला सुत्तांत सर्वांत भक्कम वाटणारा आधार आहे, म्हणून त्याला जरा जागा देतो. मज्झिम निकायात एका गृहस्थाची गोष्ट येते. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे, तो स्मशानात जाऊन ‘कुठे आहेस रे’ म्हणून रडतो आहे, आणि बुद्ध त्याला सांगतात की शोक आणि विलाप प्रियजनांपासूनच उपजतात. तो गृहस्थ रागावून निघून जातो. गोष्ट इथे थांबवली तर चित्र बरोबर ठरते. पण ती पुढे राजवाड्यात जाते. पसेनदी राजालाही ते वचन खटकते, तेव्हा मल्लिका राणी त्याला विचारते, आपली मुलगी वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिला काही झाले तर तुम्हाला दुःख होणार नाही का? राजा म्हणतो, होणार नाही असे कसे म्हणता येईल! एवढेच बुद्धांनी म्हटले, असे राणी सांगते. वजिरीवरची माया कमी करा असे तिथे कोणी म्हणत नाही. मायेची किंमत काय पडते तेवढे डोळे उघडून पाहायला सांगितले आहे.

उलट मायेचेच माप सुत्तनिपातातल्या मेत्त सुत्तात वापरले आहे: आई आपल्या एकुलत्या एका मुलाला जिवाची पर्वा न करता जपते, तसे मन सर्व प्राण्यांविषयी अमर्याद करावे. सुत्तनिपात मराठीत आणण्याचे काम धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७) करून ठेवलेले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला तर सबबही उरत नाही. बुद्धघोष या जुन्या भाष्यकाराने विसुद्धिमग्ग या आपल्या ग्रंथात करुणेची व्याख्या केली आहे की दुसऱ्याच्या दुःखाने सज्जनांचे हृदय जी हलवते ती करुणा. त्याच ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार सद्गुणांपैकी प्रत्येकाचा एक ‘जवळचा शत्रू’ सांगितला आहे, म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा पण त्याचा घात करणारा. आणि उपेक्षेचा, म्हणजे समतोल मनाचा, जवळचा शत्रू आहे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. कमळे लावलेले ते चित्र नेमकी ही बेफिकिरी समतोल म्हणून विकते.

पूर्वकर्माचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो, कारण तो प्रश्न बुद्धांना थेट विचारला गेला होता. माणूस जे काही भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही जण म्हणतात, आपले काय मत, असे मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, विचारले. बुद्धांनी आठ कारणे मोजली: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ. सगळे कर्मावर टाकणारे स्वतःच्या अनुभवाला आणि जगाने मान्य केलेल्या सत्याला सोडून बोलतात, असेही ते म्हणाले. मावशीला मात्र काकांच्या पक्षाघाताचा हिशेब मागच्या जन्मात शोधायला सांगितले गेले. त्यांच्या रक्तदाबाचा विषय कोणी काढला नाही.

‘ज्याला उमगले तो रडत नाही.’ बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात त्यांचा निकटचा शिष्य आनंद दाराला टेकून रडतो. बुद्ध त्याला ‘पुरे आनंदा, शोक करू नकोस’ असे म्हणतात, हे खरे आहे. पण आधी ते त्याला निरोप पाठवून जवळ बोलावून घेतात; आणि प्रियाचा वियोग अटळ आहे याची आठवण दिल्यावर लगेच, तू इतकी वर्षे कायेने, वाचेने आणि मनाने माझी मैत्रीपूर्वक सेवा केलीस, तू मोठे पुण्य जोडलेस, असे त्याला सांगतात. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य गेल्यानंतरच्या सभेत खुद्द बुद्धांचे उद्गार आहेत की ही परिषद मला रिकामी भासते आहे. त्यांनी पुढे शोक न करण्याचेही सांगितले, पण रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवल्यानंतर.

ज्या क्रमाने हे घडते तो आपण उलटा केला आहे. भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाच्या महावग्ग या भागात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळणारा एक भिक्खू बुद्धांना दिसतो. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही, असे विचारल्यावर तो म्हणतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याला धुतो. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून ते त्याला उचलून खाटेवर निजवतात. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, हे वचन त्यानंतरचे आहे. पाठोपाठ चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण येतात: औषध तयार करता येणे, पथ्य काय, अपथ्य काय हे जाणून त्याप्रमाणे देणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी आणि ओकारी काढताना किळस न वाटणे, आणि वेळोवेळी धर्माचे चार शब्द बोलून आजाऱ्याला प्रसन्न करता येणे. धर्माचे शब्द पाचव्या क्रमांकावर आहेत.