मुक्काम पोस्ट पर्यटक

इमिग्रेशनच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला खोटं बोललेलं चालत नाही आणि खरं सांगितलेलं झेपत नाही. "इथे कशासाठी आलात?" या साध्या प्रश्नावर माझी दर वेळी पंचाईत होते ती यामुळेच.

माझी मुलगी युरोपात आणि मुलगा अमेरिकेत. आम्ही दोघं निवृत्त. त्यामुळे वर्षाचा बराचसा भाग आम्ही हिच्याकडे नाही तर त्याच्याकडे काढतो, आणि तो काढतो टुरिस्ट व्हिसावर. कायद्याच्या नजरेत आम्ही पर्यटक. पण मुलीच्या गावात कागदाचा कचरा कुठल्या वारी उचलतात आणि काचेच्या बाटल्या कुठल्या डब्यात टाकायच्या, हे तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. शेजारच्या बाई बाहेरगावी जाताना कुंड्यांना पाणी घालायला माझ्याकडे किल्ली देऊन जातात. मात्र त्या गावातला जो किल्ला बघायला जगभरातून माणसं येतात, तो मी अजून पाहिलेला नाही. वेळच मिळत नाही. खरे पर्यटक बसमधून उतरतात, नकाशा उलटासुलटा करतात आणि शेवटी किल्ल्याची वाट मलाच विचारतात. मी सांगतेही. चढ फार आहे, पाणी बरोबर ठेवा, असा वर सल्लाही देते.

या मार्गावरच्या जुन्याजाणत्या आज्यांनी मला पहिल्याच वेळी कानमंत्र दिला होता, की काउंटरवर "नातवंडांना सांभाळायला आले" असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. "भेटायला आले" म्हणायचं. का? तर सांभाळणं म्हणजे काम, आणि टुरिस्ट व्हिसावर काम करायला बंदी आहे. हे ऐकून मी धन्य झाले. दोन मुलं वाढवली, पण हे काम आहे असं घरात आजवर कुणी मानलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, यांनी नाही, ज्यांना सांभाळलं त्यांनी तर नाहीच नाही. अखेर एका परक्या देशाच्या सरकारने मानलं, आणि मानलं तेही त्यावर बंदी घालण्यापुरतं. सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुम्ही फक्त भेटत राहा. आम्ही आठ ते सहा ऑफिसला आहोत." तेव्हापासून मी आठ ते सहा नातवाला भेटते. दुपारी त्याला झोपवून भेटते, कपडे बदलून भेटते, घसरगुंडीखाली हात पसरून भेटते. सहा वाजता भेट संपली की कंबर धरून बसते.

अमेरिकेच्या कायद्यात २१४(बी) म्हणून एक कलम आहे. व्हिसा मागायला आलेला माणूस कायमचाच राहायला चालला आहे, असं ते गृहीत धरतं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी आपली. त्यासाठी घराचे कागद, पेन्शनचे कागद, बँकेचे कागद, सगळी फाइल काखेत मारून जायचं. बहुतेक वेळा खिडकीपलीकडचा माणूस ती उघडतसुद्धा नाही, पण न्यायची. आणि सिद्ध करायचं ते काय? तर मुलावर आमचा जीव आहे, पण तो ठरावीक मुदतीपुरताच आहे. त्यानंतर आम्हाला त्याच्याकडे क्षणभर राहवणार नाही. दर वर्षी वेळच्या वेळी परत गेलेल्या माणसांनाही नवा व्हिसा घेताना हे नव्याने पटवावं लागतं. सूनबाईंना कागदाशिवाय पटलेलं आहे.

त्याच्या आधी डीएस-१६० नावाचा फॉर्म भरायचा असतो. तुम्ही हेरगिरी करायला चालला आहात का? वंशसंहारात तुमचा हात होता का? लहान मुलांना सैन्यात भरती केलं होतं का? मुलगा फोनवर एकेक प्रश्न वाचत होता आणि मी "नाही" म्हणत होते. सैन्याचं मनावर घेऊ नकोस म्हटलं, तुझ्या मुलाला एक मोजा घालायला माझा अर्धा तास जातो. हे मात्र प्रत्येक प्रश्नाला थोडा विचार करून "नाही" म्हणाले. हे लेखापरीक्षण खात्यात होते. तिथली सवय.

आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात सुख लागलंय ते यांनाच. निवृत्तीनंतर तपासायला काहीच उरलं नव्हतं. मग शेंगेन भेटलं.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या २९ देशांचा गट. त्याचा नियम ऐकायला सरळ आहे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. मला वाटलं, वर्षाचे दोन भाग, प्रत्येकात तीन महिने, झालं. हे मान हलवत हसले. त्यातला 'कुठल्याही' महत्त्वाचा, म्हणाले. रोज सकाळी उठायचं, आजपासून मागे १८० दिवस बघायचे आणि त्यात या २९ देशांत किती दिवस होतो ते मोजायचं. उद्या सकाळी पुन्हा. आलेला दिवस धरायचा, गेलेला दिवसही धरायचा. रात्री पावणेबाराला विमान उतरलं तरी तो अख्खा दिवस खर्ची पडतो. म्हणून आमची तिकिटं मध्यरात्रीनंतर उतरणारी असतात, आणि जावई पहाटे अडीचला डोळे चोळत विमानतळावर उभा असतो. व्हिसावर पाच वर्षांची मुदत छापलेली असली तरी हिशेब हाच. नातेवाइकांना हे समजावणं सोडून दिलंय. त्यांना पाच वर्षं दिसतात, अमेरिकेची दहा दिसतात, आणि मग "काय बाबा, तुमची मजा आहे" हे वाक्य येतं.

हे शेंगेन ज्यातून निघालं तो करार १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीत, एका बोटीवर झाला. पाच देशांनी सह्या केल्या. यजमानांनी तो जमिनीवर बसून केला असता तर मुदत इतकी सरकती झाली नसती, असं माझं मत आहे. पूर्वी दिवस भरले की काहीजण क्रोएशियात जाऊन समुद्राकाठी बसायचे आणि जुने दिवस १८० च्या बाहेर गळून पडायची वाट बघायचे. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशियाच शेंगेनमध्ये गेला. समुद्र तिथेच आहे, पण आता तिथे बसलेलं मोजतात.

हे तीन शाईंत वही लिहितात. वहीवरून संगणकात, संगणकावरून पुन्हा पडताळणीसाठी वहीत. पासपोर्टवरचे शिक्के पुसट, एकावर एक मारलेले, काही तर चिडून मारल्यासारखे. ते भिंगातून बघण्यात यांची संध्याकाळ जायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र युरोपने शिक्क्यांऐवजी संगणकात नोंद ठेवायला सुरुवात केली. आता यंत्रच दिवस मोजतं. बातमी वाचून हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोजू दे. पण त्याच्या मोजणीवर कुणाची तरी नजर हवीच ना?" आणि चौथी शाई आणली.

अमेरिकेत मुक्काम किती हे व्हिसावर नसतंच. उतरल्यावर काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. पण खरी गंमत तिथल्या प्राप्तिकरवाल्यांची. ते या वर्षीचे सगळे दिवस धरतात, मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्या मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की करापुरते आपण तिथलेच रहिवासी, आणि विचारणा सुरू. म्हणजे मागच्या वर्षी घालवलेला दिवस आता आठ तासांचा उरतो, त्याच्या आदल्या वर्षीचा चार तासांचा. माझ्या आठवणींचंही साधारण असंच होतं, पण त्यावर कुणी कर लावत नाही. दर वर्षी १२० दिवस राहिलं तर बेरीज १८० आणि आपण सुटलो. १२२ राहिलं तर बरोबर १८३. त्यातूनही सुटायच्या वाटा आहेत, पण त्यांचे आणखी फॉर्म आहेत. हे त्या फॉर्मांकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने माझ्याकडे बघून बरीच वर्षं झाली.

मध्ये जगणं राहून जातं ते वेगळंच. हवी ती वस्तू कायम दुसऱ्या देशात असते. चष्म्याची चिठ्ठी इकडे, चष्मा तिकडे. बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो कुलूपबंद घरातल्या खणात. औषधांची गोळी न गोळी मोजून न्यायची, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. पेन्शनवाल्यांना आम्ही जिवंत आहोत याचा दाखला हवा आणि व्हिसावाल्यांना आम्ही परत जाऊ याचा. कागदावर आमचं भवितव्य इतकं चोख ठरलेलं आहे की आम्हाला त्यात बोलायला जागाच नाही. घरी परतलो की शेजारी दारातच विचारतात, "कधी आलात?" आणि उत्तराची वाट न बघता, "परत कधी?" ब्रिटनच्या नियमात तर सरळच लिहिलंय, की वारंवार भेटी देऊन तिथे राहत असल्यासारखं राहायचं नाही. पण नातेवाईक तिथे कुणी नाही, त्यामुळे त्यांचा आमचा वाद नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. त्यातली कलमं हे मला रात्री झोपताना वाचून दाखवतात. आजारपण, इस्पितळ, आणि मृत्यू झाल्यास मायदेशी परत पाठवण्याचा खर्च.

"म्हणजे मेल्यावरसुद्धा मुदतीबाहेर राहायची सोय नाही," मी म्हटलं.

"निघायचा दिवसही धरतील," हे म्हणाले.

बोटांच्या ठशांचाही एक तापच. अर्ज करताना दहाही बोटं काचेवर ठेवायची. माझी यंत्राला दिसतच नाहीत. यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणते, जोरात दाबा. मी दाबते. मग म्हणते, एवढं नको. उभा जन्म भांडी घासल्यावर ठसे उरणार कुठून, हे तिला कसं सांगावं? यांचे ठसे मात्र स्वच्छ, ठळक, पहिल्याच फटक्यात उमटतात. यावरून घरात कुणी किती काम केलं याचा पुरावा सरकारदप्तरी कायमचा जमा आहे, एवढंच मी म्हणते.

गेल्या आठवड्यात यांना स्वालबार्ड सापडलं. उत्तर ध्रुवाकडची नॉर्वेची बेटं. १९२० च्या करारापासून तिथे वेगळाच कारभार आहे. व्हिसा लागत नाही. कुणीही यावं, हवं तितकं राहावं, स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला पाहिजे एवढंच. यांचा आवाज कापत होता. मी पुढचं वाचायला लावलं. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ बाळगावं लागतं. आणि तिथे जायचं विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून, त्यामुळे आमच्यासारख्यांना शेंगेनचा व्हिसा हवाच, तोही दोन वेळा प्रवेश देणारा. म्हणजे ज्या गावी व्हिसा लागत नाही तिथे जायला दोनदा लागतो.

"शिवाय हिवाळ्यात जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नाही," मी म्हटलं. "मोजायला दिवसच नाहीत. तुम्ही करणार काय तिथे?"

यांनी बराच वेळ विचार केला. मग वही पुढे ओढून म्हणाले, "रात्री मोजेन. ब्रिटनचे करवाले तसंच करतात. मध्यरात्री तिथे होतात की नाही, एवढंच बघतात."